मुलाला मित्रासोबत रोजा धरायचाय

प्रश्न: आम्ही बर्मिंगहॅमला राहतो. मुलगा चौदा वर्षांचा आहे. त्याचा जिवलग मित्र बांगलादेशी कुटुंबातला. रमजानमधल्या एखाद्या शनिवारी-रविवारी त्याच्यासोबत रोजा धरायचाच, असा हट्ट घेऊन बसलाय. हे म्हणतात, 'धरू दे, दुपारी दोनला स्वतःच फ्रिज उघडेल.' सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्यात, त्यांनी अबोलाच धरलाय. मला मुख्य काळजी पाण्याची. दिवसभर घोटभर पाणीही नाही, हे त्याला झेपेल का? आणि आपण असं केलेलं त्या लोकांना रुचेल का?

उत्तर: पाण्याचं नंतर सांगते, ते सोपं आहे. आधी तुमच्या यजमानांचा फ्रिज.

मुलाने पैज म्हणून हे धरलं असेल, तर दोनलाच काय, बारालाही फ्रिज उघडेल. रोज्यात नियत लागते, म्हणजे हा दिवस मी कोणासाठी उपाशी काढतोय ते मनाशी पक्कं करणं. मुसलमान माणूस तो अल्लाहसाठी धरतो. कुराणात रोज्याचा हुकूम आहे तिथेच त्याचं कारणही दिलंय: तुमच्यात तकवा यावा म्हणून. देव बघतोय याचं भान ठेवून वागणं म्हणजे तकवा. रोजा बाहेरून कोणालाच दिसत नाही. बाथरूममध्ये जाऊन नळाचं पाणी प्यायलं तर कोणाला कळणार? तरी पीत नाहीत. मला या सगळ्यातली हीच गोष्ट सगळ्यात विलक्षण वाटते. आणि विसरून घोटभर प्यायलं गेलंच, तर रोजा मोडत नाही. हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, म्हटलंय, त्याला अल्लाहनेच खाऊपिऊ घातलं.

तुमच्या मुलाची श्रद्धा वेगळी आहे, तेव्हा तो जे करेल तो धार्मिक अर्थाने रोजा होणार नाही. मित्राला सोबत म्हणून उपाशी राहणं होईल. त्यात कमीपणा काही नाही, पण मुलाला हे आधी स्पष्ट सांगा. मित्राच्या घरच्यांना रुचेल का, हे मात्र माझ्यापेक्षा त्यांनाच फोन करून विचारा. बहुतेक घरांत आनंदाने 'या' म्हणतात. फक्त त्याचे व्हिडिओ करून टाकू नका म्हणावं.

आता दिवस कसा जातो ते. आम्ही शारजात असताना मीही रोजा धरून बघितलाय. तिथे रमजानमध्ये कामाचे तास कायद्यानेच रोज दोनाने कमी होतात. ब्रिटनमध्ये तसं काही नाही, शाळा आणि फुटबॉल ठरल्या वेळेलाच.

सेहरी, म्हणजे रोज्याआधीचं खाणं, पहाटे फटफटायच्या आधी उरकते, सूर्य उगवायची वाट बघायची नसते. सकाळ मजेत जाते. आधीचं जेवण काही तास पुरतं, मग शरीर यकृतात साठवलेली साखर वापरायला लागतं आणि ती संपत येईल तशी चरबी. चहाबाजांचं डोकं अकराच्या सुमारास ठणकायला लागतं. ते दुखणं बरंचसं न मिळालेल्या चहाचं असतं, भुकेचं कमी. भूकही चढत जात नाही. ती येते, अर्धा तास छळते आणि निघून जाते. तहान मात्र जात नाही. जीभ टाळूला चिकटते, बोलताना ओठ चाटावेसे वाटतात, तोंडाला वास येतो. चार वाजता बारीकसारीक गोष्टीवरून डोकं फिरतं. खरा रोजा तिथेच सुरू होतो, असं माझं मत. खोटं बोलणं आणि तसं वागणं ज्याने सोडलं नाही, त्याने अन्नपाणी सोडल्याची अल्लाहला गरज नाही, अशी हदीस आहे. कोणी शिवी दिली तर 'माझा रोजा आहे' एवढंच म्हणायचं. चौदा वर्षांच्या मुलाला पाण्यापेक्षा हेच जड जाईल, बघा.

आणि शेवटची पंधरा मिनिटं. भजी तळल्याचा वास, ताटं मांडलेली, सगळ्यांचे डोळे घड्याळावर आणि हात मांडीवर. मग खजूर तोंडात आणि पाण्याचा पहिला घोट. तो छातीतून खाली उतरताना अक्षरशः कळतो.

झेपण्याचं म्हणाल तर ऋतू बरा आहे. इस्लामी वर्ष चंद्राचं असल्याने रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. 2016 साली तो जूनमध्ये आला, तेव्हा ब्रिटनमध्ये अठरा तासांहून मोठे रोजे होते. 2026 साली तो फेब्रुवारीच्या मध्यानंतर सुरू झाला. तुमच्याकडे या दिवसांत रोजा साधारण बारा ते चौदा तासांचा होतो. निरोगी मुलाला एक दिवस जमतो. लागोपाठ दोन नकोत, शनिवारचा बघून मग ठरवा. शुक्रवारी रात्री थोडंथोडं करत पाणी प्यायला लावा. पहाटे एकदम दोन तांबे प्यायलं तर सकाळीच लघवीवाटे निघून जाईल. सेहरीला पोळी, अंडी, दही किंवा ओट्स द्या. लोणचं-पापड नको. मॅच असेल तर तो दिवस सोडा. डोळ्यांपुढे अंधारी आली, बोलणं असंबद्ध झालं, तर लगेच पाणी आणि साखर द्या, वाद घालू नका. टाइप वन मधुमेह किंवा रोजची औषधं असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच. खुद्द इस्लाममध्येही आजारी आणि प्रवासी माणसाला सूट आहे, राहिलेले रोजे नंतर भरून काढता येतात. वयात न आलेल्या मुलांवर तर सक्तीच नाही. उर्दू घरांत लहानग्यांना अर्ध्या दिवसाचा 'चिडिया रोजा' धरायला देतात. तुमच्या मुलालाही पहिल्या खेपेला दुपारपर्यंतच करावंसं वाटलं, तर हसू नका. हे यजमानांनाही सांगून ठेवा.

सासूबाईंची भीती उपासाची नाही, 'आज रोजा, उद्या काय' याची आहे. त्यांना सरळ सांगा, मुसलमान व्हायला कलमा, म्हणजे श्रद्धेचं वचन, पढावा लागतो, एक दिवस उपाशी राहून कोणी होत नाही. त्यांनी निर्जळी हरतालिका केली असेल, तर पाण्यावाचूनचा दिवस कसा काढायचा हे नातवाला तुमच्या-माझ्यापेक्षा त्याच नीट सांगतील. विचारून बघा. कदाचित अबोलाही सुटेल.

इफ्तारला बोलावलं तर खजूर नेऊ नका, त्यांच्याकडे पेट्या असतात. बांगलादेशी घरात मुरमुरे, चणे आणि पियाजू असतील. पियाजू म्हणजे मसूर-कांद्याची भजी. आपण साबुदाणावडे न्यावेत, सोबत दाण्याची चटणी. मार्शमॅलो किंवा जेलीचा खाऊ टाळा, त्यात बहुधा जिलेटिन असतं आणि ते बऱ्याचदा डुकराचं असतं. मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाच्या, वेळेआधी वीस मिनिटं पोहोचा. रोजा सोडल्यावर ते नमाजाला उठतील, तेव्हा तुम्ही जेवत बसलात तरी चालतं. मुख्य जेवण बऱ्याच घरांत त्यानंतरच असतं, त्यामुळे वड्यांवरच पोट भरू नका.