गावात पर्यटकांच्या गर्दीची बाग आहे, पण तिथे जाणारा रस्ता दर पावसाळ्यात उखडतो. रुंद करून काँक्रीट करून घ्यावा का? देखभाल नेमकी कोणी करायची?

रुंद करू नका. काँक्रीटचं नंतर बघू. आधी मला एवढंच सांगा, रस्त्याच्या डोंगराकडच्या अंगाला चर आहे का? आणि असेल तर त्यात आत्ता, या घडीला, काय पडलंय?

तुम्ही रुंदी लिहिलीत, खड्डे लिहिलेत, रविवारी वळणावर अडकणाऱ्या बसगाड्या लिहिल्यात, निधी कुठून आणायचा तेही विचारलंत. पाण्याबद्दल एक ओळ नाही. म्हणून लिहायला बसले. नाहीतर मे महिन्याच्या शेवटी आम्हाला फुरसत कुठली, कॅनिंगचा आंबा अंगणात पडून आहे.

माझे वडील सार्वजनिक बांधकाम खात्यात मैलकुली होते. आता कागदावर मैलकामगार लिहितात, आमच्याकडे अजून मैलकुलीच म्हणतात. पहिली काही वर्षं रोजंदारी, मग कालेलकर निवाड्यात सीआरटीवर, म्हणजे रोजंदारीतून नियमित नोकरीत, आले. वाट्याला काही किलोमीटर रस्ता, खाकी कपडे, खोरं, पिकाव, घमेलं आणि एक लाल निशाण. मिरगाच्या, म्हणजे मृग नक्षत्राच्या, आधी पंधरा-वीस दिवस आबांचं घराकडे लक्षच नसायचं. चर मारायचे, मोऱ्या, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायच्या वाटा, मोकळ्या करायच्या, साईडपट्टी तासायची. ही साईडपट्टी कुणाला कळत नाही. कडेला गवत वाढतं, त्यात माती अडकते, दोन-तीन वर्षांत कड रस्त्याहून वर येते. मग रस्ता हाच व्हाळ, म्हणजे ओढा, होतो. पाणी चरात जायचं सोडून रस्त्यावरूनच धावतं, आणि आपण म्हणतो डांबर निकृष्ट.

मी शाळकरी असताना पहिल्या मोठ्या सरीच्या दिवशी डबा घेऊन गेले होते. आबा खोळ डोक्यावर घेऊन भर रस्त्यात उभे. हातात आंब्याचं सुकं पान. पान रस्त्याच्या मधोमध पाण्यात सोडलं आणि त्याच्या मागे चालत गेले. ते दोन-चार पावलांत कडेला जाऊन चरात पडलं. पुढच्या वळणावर दुसरं पान सोडलं. हे मात्र कडेला जाईना, सरळ रस्त्याने उताराला लागलं, माझ्या पायापर्यंत आलं. आबांनी तिथेच खोरं मारून साईडपट्टीला तीन ठिकाणी तोंडं पाडली. मग डब्याकडे बघितलं. मला म्हणाले, "रस्तो डांबरान टिकणा नाय गो. चरान टिकता."

माझ्या मुलाने सिव्हिलचा डिप्लोमा केला तेव्हा त्याने मला त्या पानाचा हिशेब सांगितला. आपल्यासारख्या पावसाच्या भागात डांबरी रस्त्याला मध्यापासून कडेकडे मीटरमागे अडीच सेंटिमीटर उतार ठेवायचा असतो. तीन मीटरचा रस्ता म्हणजे मध्य कडेपेक्षा जेमतेम चार सेंटिमीटर वर, चार बोटंही नाहीत. एकदा खड्ड्यात खडी टाकून ठिगळं लावली, कडेला गवत आलं, की हा उतार संपला.

आता पाऊस किती ते बघा. आमच्या किनाऱ्याला चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. तीन मीटर रुंद, एक किलोमीटर लांब रस्ता धरा. नुसत्या त्या पट्ट्यावर नऊ हजार घनमीटर पाणी पडलं, दहा हजार लिटरचे नऊशे टँकर. हे फक्त वरून पडणारं. सड्यावरचा, म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारावरचा, कातळ पाणी फारसं पीत नाही, तिथलं सगळं घाटीने, उताराच्या वाटेने, खाली येतं, त्याला हिशेबच नाही. पाणी खडी आणि डांबराच्या मध्ये शिरलं की डांबर खडीला सोडतं. खालचा मुरूम भिजून मऊ झाला की वरून चाक गेल्यावर तो दबतो, चिखल फटीतून वर येतो, आणि खाली पोकळी राहते. खड्डा आपल्याला ऑगस्टमध्ये दिसतो. तो पडायला सुरुवात मिरगातच झालेली असते.

आता आमच्या बागेचं सांगते. गावाचं नाव लिहीत नाही, देवगड तालुका एवढं पुरे.

सड्याच्या टोकाला ग्रामपंचायतीने बाग केली. लॉन, झोके, सिमेंटचा डॉल्फिन, फोटो काढायला गावाच्या नावाची मोठी अक्षरं, खाली समुद्र. सूर्य बुडताना खरंच छान दिसतं, उगाच नावं ठेवणार नाही. डिसेंबरात आणि मे महिन्यात गाड्यांची रांग आमच्या बेड्यापर्यंत, आवाराच्या फाटकापर्यंत, येते. वर जायचा दीड किलोमीटर रस्ता आधी बैलगाडीची वाट होती, नंतर डांबरी झाला. आबा तोवर निवृत्त झाले होते. तरी संध्याकाळी खोरं घेऊन त्या रस्त्याने वर जायचे, मोऱ्या बघून काळोख पडताना परत. पर्यटक त्यांचे फोटो काढायचे.

रस्ता जिथे बागेच्या खाली वळतो तिथे माझ्या थोरल्या काकांच्या मुलाची जागा. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. दादाने तिथे गाड्या लावायची सोय केली, गाडीला पन्नास रुपये, बाजूला सरबताची टपरी. त्यात मला काही वाईट वाटत नाही, पोट सगळ्यांना आहे. पण जागेत गाड्या घ्यायच्या तर मध्ये चर आडवा येतो. त्याने चाळीस फूट चर चिरे (जांभ्या दगडाचे ठोकळे) आणि माती टाकून बुजवला, वर काँक्रीट ओतलं आणि पाण्यासाठी खालून नऊ इंची पाईप टाकला. नऊ इंची! त्यात खोरं तर सोडाच, माझा हात खांद्यापर्यंत घातला तरी मधला कचरा लागत नाही. मोरी घालायची तर साफ करता येईल एवढी मोठी घालावी लागते, नाहीतर ती मोरी नसतेच, बूच असतं.

आबांनी गणपतीत, आरती झाल्यावर, सगळ्यांसमोर त्याला हे सांगितलं. शांतपणे सांगितलं. दादा हसला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "तुझ्या बापाशीन जल्मभर चर मारल्यान. एक रस्तो तरी केल्यान काय?"

दादा तोवर पोटठेक्याने रस्त्याची कामं घ्यायला लागला होता. माजघरात कुणी काही बोललं नाही. आबांनी प्रसादाची वाटी हातात घेतली आणि खळ्यात जाऊन बसले. मला आजही ते वाक्य आठवलं की कान तापतात, आणि तुमचा प्रश्न वाचल्यावर तापले, हे कबूल करते.

२०२१ च्या जुलैत चिपळूण बुडालं, त्याच पावसात आमचा रस्ता गेला. बाग तेव्हा बंदच होती, पण रस्ता वाहून जायला पर्यटक कशाला लागतात. रात्रभर पाणी पाईपच्या तोंडाशी तुंबलं, मग दादाच्या काँक्रीटवरून रस्त्यावर चढलं आणि समुद्राकडची कड घेऊन खाली आमच्या बागायतीत उतरलं. सकाळी बघते तर बारा-पंधरा फूट रस्ता नाही, आमची दोन कलमं मुळासकट आडवी. पाईपच्या तोंडात मी स्वतः पहार घालून बघितलं. नारळाची सोडणं (वरची सालं), वेफर्सच्या पिशव्या, एक लहान मुलाची चप्पल आणि फुटका चिरा. आबा तेव्हा अंथरुणावर होते. मी सांगितलं रस्ता गेला. त्यांनी एकच विचारलं, "खंयची मोरी? वयली काय खालची?"

मग निधी आला. मोठा निधी, रुंदीकरणासह काँक्रीट. काम मोठ्या ठेकेदाराने घेतलं, त्यातला तुकडा दादाने केला. मस्त झाला रस्ता, गाड्या सुळकन वर जायला लागल्या. चर मात्र झाला नाही. मी माहिती अधिकारात अर्ज टाकला, दहा रुपयांचं तिकीट लावून, आणि अंदाजपत्रक व मोजमाप पुस्तिका मागितली. पुस्तिकेत एकशे चाळीस मीटर गटार झालेलं होतं. लांबी, रुंदी, खोली, सगळं लिहिलेलं. मी तो कागद ग्रामसभेत वाचला आणि म्हटलं, चला, आत्ता जाऊन मोजू. कोणी उठलं नाही. तीन महिन्यांनी मशीन आलं आणि चर मारून गेलं. दादा त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही, वहिनी बोलते. मधल्या एका पावसात काँक्रीटच्या कडेखालची माती गेलेली होती, एका जागी अख्खी पहार आत जाते. वरून रस्ता नवाकोरा. म्हणून म्हणते, काँक्रीट म्हणजे पाण्यावर औषध नव्हे.

तुमचा दुसरा प्रश्न, देखभाल कोणी करायची. रस्ता कुठल्या वर्गात आहे ते बघा. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकामकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. यातला कुठलाच नसेल तर ग्रामपंचायतीत २३ नंबरला, म्हणजे रस्त्यांच्या नोंदवहीत, नोंद आहे का विचारा. तिथेही नसेल तर तो बहुधा सरकारदप्तरी रस्ताच नाही, कुणाच्या तरी सामायिक सातबाऱ्यातून चाललेली वाट आहे, आणि त्यातले निम्मे हिस्सेदार मुंबईला. हे आधी मिटवा, निधी मग. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतून झाला असेल तर पाच वर्षं देखभाल ठेकेदाराच्या गळ्यात असते. बाकीच्या कामांनाही दोषदायित्व कालावधी असतो, म्हणजे तेवढ्या काळात बिघडलं तर ठेकेदाराने दुरुस्त करायचं, रस्त्याच्या सुरुवातीच्या फलकावर बघा. फलक झाडीत गेला असेल, कोयता घेऊन जा. बागेला क वर्ग पर्यटनस्थळाचा दर्जा असेल तर जिल्हा नियोजनातून पैसे मिळू शकतात. पण हे सगळे पैसे रस्ता करायला मिळतात. खोरं धरणाऱ्या माणसाला कोणी देत नाही. आबांच्या जागी निवृत्तीनंतर दुसरा माणूस आला नाही.

रुंदीकरणाला माझा विरोध का, तर रुंद केला की बस वर येते. बसच्या मागून चिऱ्यांचे ट्रक येतात, कारण चालकाला जवळची वाट दिसते. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यावर ट्रक फिरवून बघितलं होतं. आसावरचा भार दुप्पट झाला की रस्त्याची झीज साधारण सोळापट होते. म्हणजे तुमच्या रस्त्याचं वाटोळं पुण्या-मुंबईच्या कारगाड्या करत नाहीत. एक चिरा तीस-पस्तीस किलोचा, ट्रकात किती जातात ते खाणीवर जाऊन मोजा. त्यापेक्षा दीडदोनशे मीटरवर गाड्या पास व्हायला फुगवटे करा, बस खाली सपाटीला थांबवा, म्हाताऱ्या माणसांना वर न्यायला गावातल्या रिक्षा आहेत. पार्किंगचे पैसे ग्रामपंचायतीने घ्यावेत, माझ्या चुलतभावाने नव्हे, आणि त्यातून मे ते ऑक्टोबर दोन माणसं रस्त्यावर ठेवावीत. बागेतल्या माळ्याला पगार आहे ना? मग रस्त्याच्या माणसाला का नको?

हां, एक सांगायचं राहिलं. घाटी फारच उभी असेल, जिथे गाडी पहिल्या गिअरवर चढते, तिथे डांबर टिकत नाही, काँक्रीटच बरं. तेवढ्याच तुकड्याला करा, आणि आधी चर. मी इंजिनिअर नाही, आमचा सडा आणि तुमची जमीन सारखी असेलच असंही नाही. समुद्राकडची कड भरावाची असेल तर तिथे धक्का, म्हणजे आधाराची भिंत, बांधावा लागेल, ते खोऱ्याचं काम नव्हे. आणि खरं सांगायचं तर आमच्या बेड्यासमोर टेम्पो आत यायला आम्हीही चरावर फरशी टाकलेली आहे. ती उचलता येते. तरी दादा ग्रामसभेत तिच्यावर बोट ठेवायचा, आणि त्यात तो चूक नव्हता.

मिरगाला पंधरवडा उरलाय. पहिली मोठी सर आली की छत्री घेऊन रस्त्यावर जा, मधोमध सुकं पान सोडा आणि ते कुठे जातं त्याचा व्हिडिओ काढा. तो घेऊन कार्यालयात जा, नुसता अर्ज नको.

दादा हे वाचेल, त्याचा मुलगा त्याला दाखवतो. काल संध्याकाळी मी वर गेले होते. खालच्या मोरीत परत सोडणं अडकलीत, आणि यावेळी ती तुझ्या टपरीवरच्या शहाळ्यांची आहेत.