भीती नेहमी तीन वाजताच कशी जाते?

"मॅडम, प्रॅक्टिसला छान मारते ही. मॅचला मन कच्चं पडतं." स्वप्नील कुसळेंनी २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायचं) कांस्य जिंकलं, तेव्हापासून माझ्याकडे, म्हणजे समुपदेशकाकडे, नेमबाज मुलं बरीच येतात, आणि आईवडिलांचं पहिलं वाक्य बहुधा हेच असतं. म्हणून एकीची गोष्ट सांगते, ओळख पटणार नाही इतकी बदलून.

एकोणीस वर्षांची मुलगी. १० मीटर एअर रायफलमधून ५० मीटरला आलेली. पहिल्या दोन भेटी स्वतःला बोल लावण्यातच गेल्या. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या वाटेवरची. माणसाने स्वतःला चिकटवलेल्या लेबलाचा पुरावा मागायची मला खोड आहे.

"मन कच्चं, हे ठरवलंस कशावरून? टार्गेटचे प्रिंट घेऊन ये."

ती स्टँडिंगचे, म्हणजे उभं राहून मारलेल्या गोळ्यांचे, प्रिंट घेऊन आली. मी आयुष्यात रायफल हातात धरलेली नाही, पण कागद बघता येतो. गोळ्या विखुरलेल्या नव्हत्याच. दहाच्या, म्हणजे मधल्या वर्तुळाच्या, उजवीकडे छान गोळा झाल्या होत्या. टार्गेटला घड्याळ मानलं तर तीनच्या जागी.

"घाबरल्यावर हात थरथरतो ना? मग गोळ्या चहूकडे जायला हव्यात. तुझी भीती दरवेळी तीन वाजताच कशी जाते गं?"

ती गप्प.

"आणि दहा मीटरच्या मॅचला घाबरायची नाहीस?"

"तेव्हा तर जास्त घाबरायचे," म्हणाली, आणि स्वतःच चमकली. तो क्षण मी अजून जपून ठेवलाय.

तिला तिच्या सरांकडे पाठवलं. त्यांनी रायफलला छोटी पाणसळ लावली आणि चोर सापडला. सरावात ती रायफल गालाकडे कलती धरायची, साइटही (नेम धरायची खूण) तशाच जुळवलेल्या. मॅचला मान ताठ व्हायची, डोकं सरळ आणि त्यामागे रायफलही. फरक पाचेक अंशांचा. याला नेमबाज 'कँट' म्हणतात.

गोळी वाटेत खाली पडते म्हणून नळी किंचित वर रोखलेली असते. कल बदलला की त्या 'वर'मधला थोडा भाग बाजूला वळतो. गोळी मात्र सरळ खालीच पडत राहते. १० मीटरला छर्रा जेमतेम दोन सेंटिमीटर पडतो, त्यामुळे पाच अंशांनी दीड मिलिमीटर सरकतो. ५० मीटरला पॉइंट टू टूची (०.२२ इंच व्यासाची) गोळी बारा सेंटिमीटरच्या आसपास पडते. चूक तेवढीच, पण गोळी सेंटिमीटरभर बाजूला. तिथे एक रिंग आठ मिलिमीटरची! हजार यार्डांवर मोठ्या बोअरची, म्हणजे जास्त व्यासाची, गोळी दहाएक मीटर पडते, म्हणजे हाच कल तिला पाऊण मीटरहून जास्त लांब नेणार.

कल असणं हा दोष नाही, बरेच जण मुद्दाम कलती धरतात. तो दर शॉटला सारखा हवा आणि साइट त्याच कलावर जुळवलेल्या हव्यात, एवढंच. तेव्हा पालकांनो, पोरांना 'खंबीर हो' म्हणण्याआधी गोळ्या कुठल्या बाजूला जातात ते विचारा. विखुरल्या तर श्वास, झोप, ताण बघू. एकाच बाजूला गेल्या तर आधी कोच, मग मी. (माझी फी बुडते, बुडू दे.)

मान ताठ का व्हायची, हे मात्र माझ्याच खात्यातलं. "दहाच बसलं पाहिजे" यातल्या 'च'वर आम्ही पुढे पाच भेटी घालवल्या.

मागच्या महिन्यात तिचा फोन आला. "मॅडम, धडधड होतीच. मान सैल केली, कल बघितला, मग मारला." स्कोअर मी मुद्दामच विचारला नाही.