वाचकांचे प्रश्न : एका घराचे तीन जिल्हे

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त स्कॉटलंडमध्ये ग्लासगोजवळच्या कंबरनॉल्ड या शहरात राहतो. त्याने तिथे घर घेतले, तेव्हा जुन्या कागदपत्रांवर ‘कंबरनॉल्ड आणि किल्सिथ डिस्ट्रिक्ट कौन्सिल’ असे नाव आढळले. कर मात्र नॉर्थ लॅनार्कशायर कौन्सिलकडे भरावा लागतो, आणि मालमत्तेच्या नोंदणी क्रमांकाची ‘डीएमबी’ ही अक्षरे डनबार्टनशायरची असल्याचे वकिलांनी सांगितले. एकाच घराला तीन जिल्हे कसे? जुना जिल्हा आपल्या जळगाव-धुळ्यासारखा होता काय?
– एक वाचक, चोपडा (जि. जळगाव)

उत्तर : आपल्या चिरंजीवांच्या कागदांवरील तिन्ही नावे खरी आहेत, ती वेगवेगळ्या काळातील आहेत, इतकेच. सर्वांत जुने नाव डनबार्टनशायर या काउंटीचे, म्हणजे तिथल्या जुन्या प्रशासकीय विभागाचे. कंबरनॉल्डचा परिसर या काउंटीच्या मुख्य भागाला लागून नाही. मधे दुसऱ्या काउंट्यांची जमीन येते. चौदाव्या शतकात रॉबर्ट ब्रूस राजाने आपल्या पक्षाच्या फ्लेमिंग घराण्याला लेन्झी आणि कंबरनॉल्डची जहागीर दिली. डंबार्टनचा किल्ला आणि तेथील अंमल याच घराण्याकडे असल्याने हा तुकडा स्टर्लिंगशायरमधून निघून डनबार्टनशायरला जोडला गेला. एका सरदाराच्या सोयीसाठी पडलेली ही सीमा पुढे सहाशे वर्षे टिकली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधील असे अनेक सुटे तुकडे शेजारच्या काउंट्यांत विलीन करण्यात आले, तेव्हाही या तुकड्याला हात लागला नाही.

या जहागिरीचा एक धागा खानदेशपर्यंत येतो. फ्लेमिंग घराण्याची वारस क्लेमेंटिना हिचा विवाह एल्फिन्स्टन घराण्यात झाला आणि कंबरनॉल्डची मालमत्ता त्या घराण्याकडे गेली. पेशवाई बुडाल्यानंतर १८१८ मध्ये खानदेशासह जिंकलेल्या मुलखाची व्यवस्था ज्यांच्या हाती आली, ते माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे या क्लेमेंटिनाचे नातू. त्यांच्याच देखरेखीखाली जॉन ब्रिग्ज यांनी धुळ्याहून खानदेशचा कारभार पाहिला.

दुसरे नाव, म्हणजे कंबरनॉल्ड आणि किल्सिथ डिस्ट्रिक्ट, अवघी २१ वर्षे टिकले. ग्लासगोतील दाटीवाटीच्या वस्त्यांमधून कुटुंबे बाहेर नेण्यासाठी १९५५ मध्ये कंबरनॉल्ड हे ‘नवे शहर’ म्हणून जाहीर झाले आणि एका लहान खेड्याभोवती टेकडीवर मोठी वसाहत उभी राहिली. पादचाऱ्यांचे रस्ते मोटारींच्या रस्त्यांपासून वेगळे ठेवण्याची तिथली योजना त्या काळी वास्तुविशारदांमध्ये फार गाजली. केल्विन नदीच्या खोऱ्यापलीकडे असलेले किल्सिथ हे मात्र जुने बाजाराचे गाव. १६४५ मध्ये राजपक्षाचा सेनापती माँट्रोज याने तिथे मोठी लढाई जिंकली होती, आणि काउंटी होती स्टर्लिंगशायर. लॉर्ड व्हीटली यांच्या आयोगाच्या शिफारशींवर आधारलेल्या १९७३ च्या कायद्याने स्कॉटलंडच्या सर्व काउंट्यांचे प्रशासकीय काम संपवले. १६ मे १९७५ पासून मुख्य भूमीवर ९ रीजन आणि ५३ डिस्ट्रिक्ट अशी दुहेरी रचना सुरू झाली. शेजारी असूनही पिढ्यान्‌पिढ्या दोन काउंट्यांत राहिलेली ही दोन गावे त्या वेळी प्रथमच एका कौन्सिलखाली आली.

आता आपल्या तुलनेविषयी. जळगाव-धुळ्याशी या डिस्ट्रिक्टची बरोबरी होणार नाही. तिथे जिल्हाधिकारी नव्हता, महसुलाची वसुली नव्हती, आणि लोकसंख्या ६०,००० च्या आसपास होती. शाळा, पोलीस, मोठे रस्ते, पाणीपुरवठा ही कामे स्ट्रॅथक्लाइड या अवाढव्य रीजनकडे होती, ज्यात स्कॉटलंडची जवळजवळ निम्मी वस्ती राहत होती. डिस्ट्रिक्ट कौन्सिलकडे कौन्सिलची भाड्याची घरे, कचरा, ग्रंथालये, उद्याने आणि बांधकाम परवाने एवढेच होते. त्यातही नव्या शहरातील बहुतेक घरे विकास महामंडळाने बांधलेली होती. आपल्याकडील नगरपालिकेला थोडा ग्रामीण भाग जोडावा, तसे हे स्वरूप होते.

१९९४ च्या कायद्याने ही दुहेरी रचना मोडीत काढली आणि १ एप्रिल १९९६ पासून ३२ एकस्तरीय कौन्सिले अस्तित्वात आली. मंकलँड्स, मदरवेल आणि आणखी काही भागासह कंबरनॉल्ड व किल्सिथ नॉर्थ लॅनार्कशायरमध्ये गेले. हे आपले तिसरे नाव. आमच्या मते या नावाने तिथल्या जुन्या रहिवाशांवर अन्याय केला, कारण किल्सिथ आणि जुने कंबरनॉल्ड या दोन्ही गावांचा लॅनार्कशायर काउंटीशी कधीच संबंध नव्हता. खानदेशी वाचकाला हे दुखणे समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम असे भाग झाले, पुढे त्यांची नावे जळगाव व धुळे झाली, १९९८ मध्ये नंदुरबार वेगळे झाले, आणि मालेगाव-बागलाण तर १८६९ पासूनच नाशिकमध्ये आहेत. तरीही या सगळ्या भागात लोक आजही स्वतःला खानदेशी म्हणवतात.

राहिला ‘डीएमबी’चा प्रश्न. स्कॉटलंडची जमीन नोंदणी १९७५ पूर्वीच्या काउंट्यांनुसारच चालते. म्हणून कंबरनॉल्डच्या घराला डंबार्टनची ‘डीएमबी’ आणि खोऱ्यापलीकडील किल्सिथच्या घराला स्टर्लिंगची ‘एसटीजी’ ही अक्षरे मिळतात. इतकेच नव्हे, तर राजाचा प्रतिनिधी असलेल्या लॉर्ड लेफ्टनंटच्या डनबार्टनशायर क्षेत्रात हा रद्द झालेला डिस्ट्रिक्ट अजूनही मोडतो. चिरंजीवांनी घराची विक्री, गहाण किंवा वारसनोंद करताना क्रमांकातील ही अक्षरे जशीच्या तशी लिहावीत. करासाठी आणि बांधकाम परवान्यासाठी मात्र नॉर्थ लॅनार्कशायर कौन्सिलकडेच जावे.