आवडला का, हे विचारू नकोस

प्रिय दोस्ता,

तुमच्या फिल्म सोसायटीत 'एल' दाखवायचं ठरलं आहे आणि नंतरची चर्चा तुझ्या गळ्यात पडली आहे. वर त्यावर टिपणही लिहायचं आहे. निवड चांगली आहे, पण चर्चा तयारीविना सुरू केलीस तर दहा मिनिटांत दोन तट पडतील आणि येताना ज्याच्या डोक्यात जे होतं तेच घेऊन जो तो घरी जाईल.

ओळख करून देताना चार वाक्यांच्या पुढे जाऊ नकोस. पॉल व्हर्होवन या डच दिग्दर्शकाचा २०१६ मधला हा फ्रेंच चित्रपट, लांबी १३० मिनिटं, आधार फिलीप जियान यांची २०१२ ची कादंबरी. पटकथा डेव्हिड बर्क यांनी मुळात इंग्रजीत लिहिली, कारण चित्रपट अमेरिकेत करायचा बेत होता. तिकडे या भूमिकेला नावाजलेली अभिनेत्री मिळेना, म्हणून कथा पॅरिसला परतली आणि नायिका मिशेलची भूमिका फ्रेंच अभिनेत्री इझाबेल युपेर यांनी केली. एवढं पुरे. पुरस्कारांची यादी आधी वाचून दाखवलीस तर ज्यांना चित्रपट खटकणार आहे ते बोलायलाच कचरतील. आणि कोणी पुरस्कारांचा दाखला दिलाच, तर हे हाताशी असू दे: फ्रान्समधल्या कानच्या महोत्सवात हा चित्रपट स्पर्धेत होता, पण ज्यूरीने त्याला काहीच दिलं नाही. पुढे २०१७ मध्ये अमेरिकेतले गोल्डन ग्लोब आणि फ्रान्समधले सीझर दोन्हीकडे चित्रपट आणि अभिनेत्री असे पुरस्कार मिळाले. युपेर यांना ऑस्करचं नामांकन होतं, पण परभाषिक चित्रपटांच्या पहिल्या नवांत 'एल' नव्हता. म्हणजे परीक्षकांचंही एकमत नव्हतं.

खेळाआधीची सूचना मात्र मोजूनमापून दे. "चित्रपटाची सुरुवात बलात्काराने होते. तो प्रसंग पुढे पुन्हा येतो. कधीही उठून जाता येईल, कारण विचारलं जाणार नाही." यात रहस्य फुटत नाही, कारण हे पहिल्याच मिनिटात कळतं. मागच्या दारापाशी एक माणूस उभा ठेव, मागच्या दोन रांगांतल्या कडेच्या खुर्च्या मोकळ्या ठेव. कोण उठलं हे टिपायचं नाही, कितव्या मिनिटाला उठलं एवढंच टिपायचं. हा आकडा पुढे फार कामाला येतो. प्रवेश अठरा वर्षांवरच्यांनाच, आणि घरच्या स्ट्रीमिंगच्या वर्गणीवर सभागृहात खेळ लावता येत नाही, प्रदर्शनाची परवानगी वेगळी घ्यावी लागते. हे तुमच्या चिटणीसांना माहीत असेल, तरी विचारून घे.

आता मुख्य गोष्ट. "आवडला का?" हा प्रश्न विचारायचा नाही. त्याला उत्तर दिलं की माणूस आपल्या उत्तराचा वकील होतो. त्याऐवजी दिवे लागताच, कोणी तोंड उघडण्याआधी, कोऱ्या चिठ्ठ्या वाट आणि तीन मिनिटं शांततेत एकच गोष्ट लिहायला सांग: कोणत्या दृश्याला तुम्ही चित्रपटापासून तुटलात, किंवा त्याच्याशी जोडले गेलात? नाव नको. चिठ्ठ्या गोळा कर, दहा मिनिटांची चहाची सुट्टी दे आणि त्या वेळात दृश्यांनुसार ढीग लाव. फाटा नेमका कुठे फुटला, ते त्या ढिगांत दिसेल. बहुतेक चिठ्ठ्या चारच जागी जमतील असं धरून चाल.

पहिली जागा सुरुवातीची. काळा पडदा, फक्त आवाज, मग शांतपणे पाहणारं मांजर. नंतर मिशेल फुटलेली क्रोकरी झाडून भरते, आंघोळ करते, सुशी मागवते. "असं कोणी वागतं का?" हा आक्षेप इथला. यावर वाद घालण्याआधी वस्तुस्थिती तपास. "तिने काहीच केलं नाही" असं म्हणणाऱ्याला आठवण करून दे की तिने कुलपं बदलली, रक्ताची तपासणी करून घेतली, मिरीचा फवारा विकत घेतला. पोलिसांत ती गेली नाही, आणि त्याचं कारण चित्रपट उशिरा आणि तुकड्यातुकड्याने देतो: ती लहान असताना वडिलांनी शेजारपाजारची अनेक माणसं मारली होती आणि राखेने माखलेल्या त्या मुलीचा फोटो देशभर झळकला होता. जे विसाव्या मिनिटाला उठून गेले त्यांच्यापर्यंत हे पोचलेलंच नाही, म्हणून त्यांचं मत आणि शेवटपर्यंत बसलेल्यांचं मत एका पारड्यात घालू नकोस. "खरी पीडित बाई असं करत नाही" हे वाक्य आलं तर तिथेच थांबव. हल्ल्यानंतर माणसं गोठतात, रडतात, कामाला लागतात, जेवण मागवतात. ठरलेला एक नमुना नसतो. सभागृहात हे स्वतः भोगलेलं कोणी बसलेलं असू शकतं. त्यांनी बोलावं अशी अपेक्षाही चुकून व्यक्त करू नकोस.

दुसरी जागा हसण्याची, आणि इथे वेळ दे, कारण सगळ्यात कडू भांडण इथलं असतं. मिशेल हॉटेलात जेवणाच्या टेबलावर मित्रांना हल्ल्याची बातमी जवळपास हवापाण्याच्या गप्पांसारखी सांगते. तिच्या मुलाच्या घरी बाळ जन्मतं तेव्हा बाळाच्या वर्णावरून बाप दुसरा आहे हे सगळ्यांना दिसतं, फक्त मुलाला दिसत नाही. नाताळचं जेवण तर सरळसरळ प्रहसन आहे. अर्धं सभागृह हसतं, उरलेलं अर्धं हसणाऱ्यांकडे वळून बघतं. त्या क्षणापासून प्रेक्षक चित्रपटावर न बोलता एकमेकांच्या संवेदनशीलतेवर बोलू लागतात. यावर उपाय एकच: कोणावर हसलात ते विचार. हल्ल्यावर कोणी हसलेलं नसतं; भोवतालच्या माणसांच्या दुबळेपणावर हसलेले असतात. हे एकदा स्पष्ट झालं की आवाज खाली येतो. मग खरा प्रश्न मांडता येतो: असे दोन सूर इतके जवळ ठेवायचा अधिकार चित्रपटाला आहे का? त्यावर मतभेद राहू दे.

तिसरी जागा हल्लेखोराचा मुखवटा उतरतो ती. १९५५ मध्ये फ्रेंच दिग्दर्शक क्लुझो यांच्या 'ले दियाबोलिक' या रहस्यपटाच्या अखेरीस प्रेक्षकांना विनंती होती की शेवट मित्रांना सांगू नका. 'एल'ला तशी पाटी लावून फायदा नाही, कारण हल्लेखोर शेजारचा पात्रिक आहे हे कळल्यावरही बराच चित्रपट उरतो. रहस्यपटाच्या अपेक्षेने आलेल्यांना इथे फसल्यासारखं वाटतं. त्यांचा राग नैतिक नसतो, तो रचनेवरचा असतो. टिपणात तो वेगळा ठेव. नैतिक राग पुढे येतो, ओळख पटल्यावरही मिशेल त्याच्याशी संबंध ठेवते तेव्हा. इथेही आधी तपशील. गाडीचा अपघात होतो तेव्हा ती आधी मैत्रिणीला आणि घटस्फोटित नवऱ्याला फोन करते. दोघं उचलत नाहीत, मग ती पात्रिकला लावते. हे दोन फोन किती जणांच्या लक्षात राहिले, हे हात वर करून विचार. ते फोन विसरले की दृश्य वेगळंच वाचलं जातं.

चौथी जागा शेवटची: पात्रिकची धार्मिक बायको रेबेका जाताना जे बोलते, त्यावरून तिला बरंच काही ठाऊक होतं असा अर्थ निघतो. काहींना हेच चित्रपटातलं सगळ्यात भयानक वाक्य वाटतं, काहींच्या ते डोक्यावरून जातं. बस, इथे पाच मिनिटं पुष्कळ.

चर्चेत एक शब्द वारंवार येईल: विकृत. प्रत्येक वेळी विचार, विकृत कोण? पात्र, चित्रपट की दिग्दर्शक? मराठीत आपण कर्ता गाळून बोलतो, म्हणून हा घोळ आपल्याकडे फार होतो. पात्राचा निर्णय चुकीचा वाटणं वेगळं आणि चित्रपट त्या निर्णयाची पाठराखण करतो असं वाटणं वेगळं; दुसऱ्या म्हणण्याला दृश्यातला पुरावा लागतो, कॅमेरा कुठे होता, पुढचा कट कशावर झाला. दिग्दर्शकाबद्दल म्हणायचं असेल तर त्याला तिसरा पुरावा लागतो. व्हर्होवन यांच्यावरचा राग जुना आहे. त्यांच्या 'बेसिक इन्स्टिंक्ट' या चित्रपटाचं चित्रीकरण सान फ्रान्सिस्कोत चालू असताना १९९१ मध्ये समलिंगी हक्कांच्या कार्यकर्त्यांनी निदर्शनं केली होती. काही प्रेक्षक ती फाईल काखेत घेऊनच येतात. कादंबरीकार, पटकथाकार आणि दिग्दर्शक तिघेही पुरुष, हा आक्षेप रास्त आहे, तो टाळू नकोस. पण युपेर यांनी ती भूमिका आपणहून हवी म्हटली, हेही त्याच दमात सांग.

एक बारीक सूचना उपशीर्षकांची. फ्रेंचमध्ये आपल्यासारखंच 'तू' आणि 'तुम्ही' आहे, 'त्यु' आणि 'वू'. इंग्रजी उपशीर्षकांत दोन्हींचं एकच 'यू' होतं. कोण कोणाला कोणत्या संबोधनाने बोलतं हे कानाने पकडायला आधीच सांगून ठेव. मराठी कानाला ते दुसऱ्या दृश्यापासून जमतं.

इंटरनेटवरची तारांकनं टिपणात वापरायची असतील तर सरासरी लिहू नकोस. दहा जणांपैकी पाचांनी एक आणि पाचांनी पाच तारे दिले, तर सरासरी तीन. दहाही जणांनी तीन तारे दिले तरी तीनच. पहिला चित्रपट वाद घालायला लावतो, दुसरा दुसऱ्या दिवशी विसरला जातो, आणि आकडा दोघांचा सारखा. म्हणून टोकाचे किती आणि मधले किती, हे बघ. शिवाय लिहायला बसतात ते भारावलेले किंवा संतापलेले. "ठीक होता" म्हणणारा सहसा लिहीत नाही. परीक्षणांच्या तारखाही बघ. ऑक्टोबर २०१७ मध्ये 'मी टू' पेटलं. त्याआधीची आणि नंतरची मतं एकाच परिच्छेदात मिसळलीस तर मतभेद प्रेक्षकांमधला आहे की काळातला, हे तुलाच कळणार नाही.

चार दिवसांनी सगळ्यांना पुन्हा तोच प्रश्न फोनवर पाठव. काहींचं दृश्य बदललेलं असेल, आणि तुझ्या टिपणाचा खरा ऐवज तिथे आहे. चिठ्ठ्या फेकू नकोस, दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून लिही. कच्चा खर्डा झाला की पाठव. मात्र त्यात "प्रेक्षकांमध्ये संमिश्र प्रतिक्रिया उमटल्या" हे वाक्य दिसलं, तर मी पुढचं वाचणार नाही.