तलाठ्याने पैसे मागितले तर लोकपालाकडे तक्रार करता येते का? आणि लोकपाल आल्याने नक्की काय बदललं?

नाही करता येत. तलाठी राज्य सरकारचा माणूस आणि लोकपालाकडे पंतप्रधान, केंद्रीय मंत्री, खासदार, केंद्राचे अधिकारी-कर्मचारी. तुम्ही १०६४ फिरवा, अँटी करप्शनवाले उचलतात.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र मला बोलायचंच आहे, कारण त्यावरून माझं आणि आमच्या साडूभाऊंचं २०११ पासून वाजतंय. त्यांचं म्हणणं, वर एकदा लोकपाल बसला की खालचे आपोआप सुतासारखे सरळ होतील. माझं म्हणणं, वर कोणीही बसवा, खाली साक्ष द्यायला माणूस उभा राहिला नाही तर काही होत नाही.

हे मी ऐकीव बोलत नाही. राज्य सरकारच्या एका खात्यात कारकून होतो. एकदा साहेबांनी बोलावून सांगितलं, अँटी करप्शनचं पत्र आलंय, उद्या सकाळी त्यांच्या ऑफिसात हजर व्हा, कशाला ते विचारू नका. सापळ्याला पंच म्हणून सरकारी नोकरच घेतात. तक्रारदार एक शेतकरी होता, वडील वारल्यावरची वारसनोंद अडवून ठेवलेली. नोटा त्याच्याच. आम्ही नंबर वाचायचे, हवालदार लिहून घेणार. मग नोटांना अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली चमकणारी अँथ्रासीन पावडर लावून त्या शेतकऱ्याच्या खिशात ठेवल्या आणि त्याला बजावलं की मागितल्याशिवाय हात लावायचा नाही. पावडर लावणारा शिपाई ऑफिसातच थांबला, त्याला मुद्दाम सोबत नेत नाहीत. निघण्यापूर्वी आमचेही हात दिव्याखाली पाहिले.

मी पंच नंबर एक, म्हणजे तक्रारदाराचा पाहुणा बनून आत जाणारा. नोंद अडवणाऱ्या त्या गृहस्थाने पैसे हातात घेतलेच नाहीत. "त्या फाइलीत ठेवा," म्हणाला आणि फाइल ओढून खालच्या खाली नोटा मोजल्या. शेतकऱ्याने ठरल्याप्रमाणे टोपी काढून डोकं खाजवलं, बाहेरची माणसं आत आली, खिडक्या लावल्या, अल्ट्राव्हायोलेट दिवा लागला. त्याच्या बोटांची टोकं निळसर चमकत होती. पंचनामा संपेपर्यंत रात्र झाली.

हा सोपा भाग. पुढे ऑफिसात माझ्या टेबलापाशी चहाला कोणी थांबेना. खटला उभा राहिला तो काही वर्षांनी, कारण खटल्याला लागणाऱ्या सरकारी मंजुरीची फाइलच फिरत राहिली. तोवर शेतकऱ्याचं काम झालेलं. कोर्टात म्हणाला, "नीट आठवत नाही." सरळ फितूर. उलटतपासणीत वकील मला विचारतोय, ते हातउसने पैसे परत करत होते ना? मी म्हटलं, "फाइलीत ठेवा असं ते बोलले, मी शेजारीच होतो." तिसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा तेच सांगितलं. शिक्षा झाली. तो अपिलात गेला ती गोष्ट वेगळी. मागणी सिद्ध झाल्याशिवाय नुसत्या पावडरीवर शिक्षा होत नाही. तक्रारदार उलटला तरी इतर पुराव्यावरून मागणी सिद्ध करता येते, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं.

आता साडूभाऊ. ऑगस्ट २०११ ला 'मी अण्णा' टोपी घालून रामलीला मैदानावर जाऊन आले. मी पंच होतो हे सांगितलं तर हसून म्हणाले, "अहो, ती चिल्लर मासळी." त्याच वर्षी दिवाळीनंतर त्यांच्या प्लॉटच्या नोंदीला पैसे मागितले. म्हटलं चला, मी येतो सोबत. उत्तर काय? "काम अडेल हो. लोकपाल येऊ द्या, मग बघू." आणि दिले.

लोकपाल आला तो असा: प्रशासकीय सुधारणा आयोगाने शिफारस केली १९६६ ला. १९६८ चं विधेयक लोकसभेत मंजूर होऊनही लोकसभा बरखास्त झाल्यावर गेलं. आपल्या महाराष्ट्राने लोकायुक्ताचा, म्हणजे राज्यातल्या लोकपालाचा, कायदा १९७१ लाच केला, हे टोपीवाल्यांपैकी किती जणांना ठाऊक होतं कोण जाणे. केंद्राचा कायदा अमलात आला १६ जानेवारी २०१४ ला आणि पहिले लोकपाल न्या. पिनाकी चंद्र घोष बसले मार्च २०१९ मध्ये. निवड समितीत विरोधी पक्षनेता हवा आणि लोकसभेत मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेताच नाही, या सबबीवर पाच वर्षं. आजही लोकपाल तपासाला प्रकरणं पाठवतो ती बहुतेक सीबीआयकडे, म्हणजे १९६३ च्या संस्थेकडे. २०२४ मध्ये न्या. खानविलकर अध्यक्ष झाले तेव्हा "मराठी माणूस!" असा साडूंचा मेसेज आला. २०२५ ला लोकपालासाठी सात बीएमडब्ल्यू गाड्यांची निविदा निघाली तेव्हा मेसेज आला नाही.

लोकपाल निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. खासदाराविरुद्ध किंवा केंद्राच्या बड्या अधिकाऱ्याविरुद्ध कागद हातात असतील तर जरूर जा. घटनेला सात वर्षं व्हायच्या आत, प्रतिज्ञापत्रासह. खोटी तक्रार केलीत तर वर्षापर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड होऊ शकतो, एवढं लक्षात ठेवा.

पण तुमचं प्रकरण तलाठ्याचं. पैसे देण्याआधी अँटी करप्शनकडे जा. २०१८ च्या दुरुस्तीनंतर देणाराही गुन्हेगार आहे. जबरदस्तीने द्यावे लागले असतील तर सात दिवसांत कळवलं तरच सुटका. मागणीची पडताळणी तेच रेकॉर्डर देऊन करतात. सापळ्यातले पैसे परत मिळतात, थोडा धीर धरा. आणि काम अडेल म्हणाल, तर त्या शेतकऱ्याची वारसनोंद सापळ्यानंतर मुकाट्याने झाली. साडूभाऊंची नोंद पैसे देऊनही बराच काळ रखडली. ते हे वाचतातच, खोटं असेल तर खाली येऊन लिहावं.