छोट्या गावाची वैशिष्ट्यं मिरवत तिथल्या कलावंतांसाठी पैसा कसा उभा करावा?

वर्गणीच्या मागे लागू नका, तिकीट लावा. तुम्ही लिहिलंय की गावातली सोंगं काढणारी, भजनं म्हणणारी मंडळी थकत चालली आहेत आणि गावाच्या खास गोष्टींचा एक दिवस साजरा करून त्यांच्यासाठी पैसा जमवायचा आहे. मी झाडीपट्टीचा. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या धानाच्या मुलखात आम्ही नाटकाच्या निमित्ताने साधारण हेच करत आलोय, म्हणून खात्रीने सांगतो.

आमच्याकडे दिवाळीनंतर, धान घरात येऊ लागलं की नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि होळीच्या आसपास संपतो. गावातल्या पोरांचं किंवा कर्त्या माणसांचं मंडळ वडशाला, म्हणजे देसाईगंजला जातं, नाटक कंपनीशी रक्कम ठरवतं आणि इसार देऊन येतं. तिथून पुढची जोखीम मंडळाची. मंडप, जाहिरात, तिकीटविक्री सगळं गावानेच बघायचं. कंपनीचे पैसे चुकते झाल्यावर जे उरतं ते शाळेच्या खोलीला, देवळाला, समाजमंदिराला लागतं. कुणाच्या दारात हात पसरावा लागत नाही. माणसं रात्रभर नाटक बघतात, पहाटे समाधानाने उठतात आणि आपण दान केलं असं कुणालाच वाटत नाही. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

पण नुसत्या नाटकाला एवढी गर्दी होत नाही. पुष्कळ गावांत दिवसा शंकरपट असतो, बैलजोड्यांची शर्यत, आणि रात्री नाटक. (२०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली तेव्हा पटाचे दिवस सुने गेले. मे २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने महाराष्ट्राचा नवा कायदा वैध ठरवला.) त्या दिवशी घरोघरी पाहुणे असतात. लेकी माहेरी येतात, जावई येतात, उपवर मुलामुलींची बोलणी तिथेच निघतात. मोठ्या गावात एकाच रात्री दोन-तीन मंडपांत वेगवेगळी नाटकं लागतात आणि तरी मंडप भरतात. माणूस येतो तो सोयऱ्याच्या घरी, तिकीट काढतो पाहुणचाराचा भाग म्हणून.

तेव्हा तुमच्या गावात काय विक्षिप्त आहे, लोक कशावरून चिडवतात, कोणती प्रथा शेजारच्या गावात नाही, ते आधी गोळा करा आणि ते गुळगुळीत करू नका. आमच्या नाटकातलं विनोदी पात्र झाडीबोलीत बोलायला लागलं की मंडप उसळतो. तेच पात्र पुस्तकी मराठीत बोललं तर कुणी हसणार नाही. बाहेरून सूत्रसंचालक आणि वाद्यवृंद आणून गावची मंडळी प्रेक्षकांत बसवली, तर तो कार्यक्रम कुठल्याही गावाचा होईल. त्या दिवशी प्रत्येक घराने आपापले चार पाहुणे बोलवावेत, हे काम मात्र महिनाभर आधी घरोघर फिरून करावं लागतं. भिंतीवरच्या पोस्टरने ते होत नाही.

आता आमच्याकडे जे कमी पडतं तेही सांगतो, कारण तुमचा हेतूच तो आहे. नाटकाने शाळेला खोली मिळते, पण गावातल्या दंडारीच्या, म्हणजे आमच्याकडच्या नाचगाण्याच्या लोकनाट्याच्या, ढोलकीवर नवं चामडं चढवायला त्यातून क्वचितच कुणी पैसे काढतं. खडी गंमत हा तमाशासारखा लोकखेळ करणारा शाहीर उतारवयात शेतमजुरीवर जगतो. २०२३ साली झाडीपट्टीचे नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आम्हा सगळ्यांची छाती भरून आली, पण सन्मान एकाला मिळतो आणि हंगाम संपल्यावरचे पावसाळ्याचे महिने सगळ्यांनाच काढायचे असतात. म्हणून कलेचा वाटा तिकीटविक्री सुरू व्हायच्या आधी ठरवा, उरलं तर देऊ असं ठेवू नका. निम्मा म्हणा, तिसरा हिस्सा म्हणा, पण तो फलकावर लिहा आणि सगळ्यांसमोर वाचून दाखवा. त्यातून त्या दिवशी सादर करणाऱ्यांची बिदागी आधी द्या. गावचा माणूस आहे, फुकट करेल, हे वाक्य बैठकीत कुणालाही बोलू देऊ नका. उरलेल्या पैशातून वाद्यं दुरुस्त करा आणि शाळकरी मुलांना शिकवणाऱ्या जाणत्या माणसाला दरमहा काहीतरी मानधन बांधून द्या. कला टिकते ती या शिकवणीमुळे.

कागदपत्रांचं थोडक्यात: नोंदणी नसलेल्या मंडळाने वर्गणीही गोळा करायची ठरवली तर धर्मादाय आयुक्तालयाकडून सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ क खालची परवानगी घ्या. ध्वनिक्षेपकाला रात्री १० ते सकाळी ६ बंदी असते, वर्षातले मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट मिळते. त्यामुळे तारीख पक्की करण्याआधी पोलीस ठाण्यात विचारा. आणि हिशेब दुसऱ्या दिवशीच ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा, पाहुणे अजून गावात असतानाच.