एकच शिकवण दोन कुत्र्यांना का लागू पडत नाही?

प्रश्न : आमच्याकडे दोन वर्षांचा लॅब्रॅडॉर आणि दहा महिन्यांची कारवानी कुत्री आहे. एकच प्रशिक्षक दोघांनाही सारख्याच पद्धतीने शिकवतो. लॅब्रॅडॉर आठवडाभरात ‘बस’ आणि ‘थांब’ शिकला. कारवानी मात्र पट्टा दिसताच पलंगाखाली जाते आणि हाकेला येत नाही. ती हट्टी असल्याने आवळणारी साखळी घालावी, असे प्रशिक्षक सांगतात. काय करावे?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आवळणारी साखळी कृपया घालू नका. तुमच्या वर्णनावरून ती हट्टी नसून घाबरलेली दिसते, आणि घाबरलेल्या जनावराला धाक दाखवला तर पट्ट्याची, शिकवणाऱ्याची आणि शेवटी शिकण्याचीच भीती त्याच्या मनात घर करते.

लॅब्रॅडॉर ही जात पाडलेला पक्षी आणून देण्यासाठी, म्हणजे माणसाच्या इशाऱ्याकडे लक्ष ठेवून काम करण्यासाठी जोपासली गेली. शिवाय केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ मध्ये तपासलेल्या लॅब्रॅडॉरांपैकी जवळपास चौथ्या हिश्श्यात भूक वाढवणारा जनुकीय बदल आढळला होता, त्यामुळे खाऊच्या तुकड्यासाठी तो जीव ओतून शिकला यात नवल नाही. कारवानी नजरेने ससा हेरून धन्यापासून दूर धावते आणि तिथले निर्णय स्वतःच घेते. अर्थात, जातीवरून स्वभावाचा केवळ अंदाज बांधता येतो. हाकेसरशी परतणारी कारवानी आणि फटाक्याने थरथरणारा लॅब्रॅडॉर हे दोन्ही मी पाहिले आहेत.

म्हणून आधी तिचे निरीक्षण करा. तुम्ही पट्टा उचलताना ती ओठ चाटते का, झोप आलेली नसताना जांभई देते का, मान फिरवते का? ही ताणाची चिन्हे असतात. एरवी आवडणारा चिकनचा तुकडा तुमच्या तळहातावर तसाच राहिला, तर त्या क्षणी ती शिकण्याच्या स्थितीत नाही असे समजून तिथेच थांबा.

पट्टा जमिनीवर ठेवा, त्याच्या शेजारी तो तुकडा ठेवा आणि बाजूला व्हा. दिवसातून दोन-तीनदा, तीन-तीन मिनिटे एवढेच करा. ती आपणहून पट्टा हुंगेपर्यंत तो अडकवू नका, मग त्याला आठवडा लागो की महिना. हाकेचा सराव घरातच, दोन पावलांवरून सुरू करा, आणि ती आली की दोरीला बांधलेली चिंधी जमिनीवरून पळवून तिला पाठलाग करू द्या, कारण अनेक कारवानींना खाऊपेक्षा हेच बक्षीस मोलाचे वाटते. मोकळ्या मैदानात लांब दोरी लावावी, पण ती छातीपट्ट्याला. या कुत्र्यांचे डोके निमुळते असल्याने गळपट्टा सहज निसटतो, आणि वेगात धावताना दोरी संपली तर मानेला जबर हिसका बसतो.

लॅब्रॅडॉरचा खाऊ त्याच्या रोजच्या आहारातूनच वजा करा. दोघांना शिकवताना मात्र एकाला दुसऱ्या खोलीत ठेवा, म्हणजे त्याच्या धसमुसळेपणामुळे ती पुन्हा पलंगाखाली जाणार नाही.